‘नो सर’ची तालीम

माझा धाकटा भाऊ सोनाजी याचं लग्न झालं ते फसली १३४८ साल. इंग्रजी १९३८, मार्गशीर्ष महिना. साल ध्यानात राहण्याचं कारण असं, की त्या लग्नाच्या पंगतीत एक माणूस पानावर बसला आणि बुंदीला हात न लावता उठला. तो आमच्या मळ्यावरचा संतराम.

मळा म्हणजे हिंगोलीच्या शिवारातला सरकारी मळा. तिथं कापसावर प्रयोग चालत. संतराम नरसीकडच्या एका शेतकऱ्याचा मुलगा. हैदराबादेत शिकून आला होता आणि बोंडातल्या गुलाबी अळीचा अभ्यास करत होता. मी तिथं गडी होतो. संतरामनं बोंड फोडायचं, अळी निघाली की मी मडक्यात एक चिंचोका टाकायचा. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं, पण चिंचोका कधी चुकला नाही.

पंगतीतून उठला तसा मी त्याच्या मागं गेलो. त्यानं खिशातून कागद काढला.

“ग्यानबा, हैदराबादेत परिषद भरून राहिली. कापसाचे मोठमोठे अभ्यासक येनार. मला आपला प्रयोग तिथं सांगायचा हाय. इंग्रजीत.”

“मंग सांगा की, भाऊ. दोन साल तेच तर केलं आपुन.”

“वाचून दाखवीन. पन मंग ते सवाल करतील. मी सारं शास्त्र उर्दूतून शिकलो. इंग्रजी मला वाचता येते, बोलायला गेलं की जीभ टाळूला चिकटते.”

कागदात आणखीही एक गोष्ट होती. परिषदेत प्रयोग पटला तर तिसऱ्या सालची मंजुरी मिळणार होती. नाही पटला तर प्रयोग बंद, आणि संतरामनं हैदराबादच्या दफ्तरात येऊन बसायचं.

प्रयोग साधा होता. वेचणी झाली की आमच्याकडं पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, उपटून घरामागं रचून ठेवतात आणि वर्षभर चुलीत जाळतात. त्या पऱ्हाटीला वाळकी किडकी बोंडं तशीच लटकलेली असतात. संतरामचं म्हणणं, अळी त्या बोंडांत झोपून राहते आणि पुढच्या हंगामात पुन्हा शेतात जाते. म्हणून त्यानं दोन गावं धरली. एका पोत्यातलं बियाणं दोन्ही गावांना दिलं. एका गावाला हात जोडून सांगितलं, पाडव्याच्या आत सगळी पऱ्हाटी जाळून टाका. दुसऱ्या गावाला काहीच सांगितलं नाही. जाळलेल्या गावात शंभर बोंडांत अकरा किडकी निघाली, दुसऱ्या गावात तीस.

आता बोलायची इंग्रजी कुठून आणायची? हिंगोलीत ती एकाच माणसाजवळ होती. जलालुद्दीनचाचा. हिंगोलीत गोऱ्या साहेबांची छावणी होती, तेव्हा चाचा पोरवयात तिथल्या खानावळीत वाढप्याच्या कामाला लागले. छावणी उठली तसे साहेबांबरोबर सिकंदराबादेला गेले आणि तीस वर्षं नोकरी करून परत आले. त्यांना एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण इंग्रजी बोलत ती पाण्यासारखी.

चाचा लगेच तयार झाले. “किताबवाली अंग्रेजी तेरे पास हाय, मुंहवाली मेरे पास. दोघं मिळून एक साहेब बनवू.”

रोज दुपारी बियाण्याच्या खोलीत तालीम सुरू झाली. चाचा पोत्यावर पायावर पाय टाकून साहेबासारखे बसायचे, हातात रिकामी पितळी वाटी. संतराम समोर उभा. चाचा इंग्रजीत सवाल करायचे, संतराम उत्तर द्यायचा. पाठ सरळ, आवाज हलका, नजर साहेबाच्या कोटाच्या दुसऱ्या गुंडीवर. साहेब बोलत असताना मध्ये बोलायचं नाही. जायला निघताना तीन पावलं उलटं चालायचं, मग वळायचं. महिन्याभरात संतरामची जीभ सुटली. ‘येस सर’, ‘ॲट वन्स, सर’, ‘व्हेरी गुड, सर’ हे तर त्याच्या तोंडून झोपेतसुद्धा निघालं असतं. मला वाटलं, जिंकली परिषद.

निघायला आठ दिवस राहिले तेव्हा चाचा म्हणाले, चार माणसांसमोर करून दाखव. चार माणसं कुठली मिळायला, मी होतो आणि रूपाबाईला बोलावलं. रूपाबाई वेचणीच्या बायांची म्होरकी, पऱ्हाटी जाळणाऱ्या गावातली. दाराशी पाय पसरून बसली.

संतरामनं सगळा प्रयोग इंग्रजीत सांगितला. एकदासुद्धा अडखळला नाही. मग चाचांनी वाटी खाली ठेवली आणि साहेबी आवाजात दोन वाक्यं बोलले. संतराम थोडा झुकला. “व्हेरी गुड, सर.” चाचांनी खुशीत मान डोलावली.

रूपाबाईनं विचारलं, “साहेब काय म्हनला?”

“ते म्हनले, पऱ्हाटीचा काही संबंध न्हाई. अळी बियान्यातून येते. तुमचा प्रयोग चुकला.”

“आन् तू काय म्हनला?”

“व्हेरी गुड.”

“म्हंजी?”

संतराम हळूच म्हणाला, “म्हंजी... बराबर हाय, साहेब.”

रूपाबाईनं पाय आवरून घेतले. “असं का. दोन उन्हाळे मी घरची पऱ्हाटी जाळली. गोवऱ्या थापून थापून हात सोलले. सासू रोज बोलली, ह्या बाईनं जळतन पेटवून दिलं म्हनून. आन् तू तिथं जाऊन बराबर हाय साहेब म्हननार. मंग आमी काहून जाळली रे बाबा?”

“चाचा,” संतराम म्हणाला, “साहेबाला न्हाई कसं म्हनायचं?”

चाचांनी दाढी कुरवाळली. “बेटा, तीस साल मी कधी म्हनलो न्हाई. सूप गरम हाय का विचारलं आन् ते थंड असलं, तरी मी म्हनायचो, ‘ॲट वन्स, सर.’ ना म्हनायचं मला शिकवलंच न्हाई कोनी. मी तुला काय शिकवू.”

एवढी मेहनत घेऊन आम्ही संशोधक नव्हे, एक उत्तम वाढपी तयार केला होता.

रूपाबाई उठली. “नकार शिकायचा हाय ना. मंग तो माझ्याकडं शीक.”

हे ती उगाच म्हणाली नव्हती. आमच्याकडं वेचणीची मजुरी कापसातच मिळते. दिवस मावळायच्या आत बाई आपल्या वेचलेल्या कापसाचे सारखे ढीग घालते आणि त्यातला एक तिचा. मालक येतो आणि लहानसा ढीग पायानं दाखवून म्हणतो, हा तुझा. तेव्हा बाईला नाही म्हणावं लागतं. चिडून म्हटलं तर उद्या काम नाही, गप्प राहिलं तर ढीग गेला. रूपाबाई वीस वर्षं असं नाही म्हणत आली होती आणि मालक दर हंगामाला तिलाच आधी बोलावत.

तिनं भुईवर सरकीचे चार ढीग घातले, तीन मोठे आणि एक बारका. बारका ढीग संतरामकडं सरकवून ती मालकाच्या ऐटीत म्हणाली, “हा तुझा. चारी सारखेच हायेत.”

“नो, रूपाबाई,” संतराम पुटपुटला.

“हे काय, मांजर म्यावलं का? वर बघ. माझ्या डोळ्यांत बघ, गुंडीत न्हाई.”

“नो.”

“आता भांडखोर वाटला. नुसतं न्हाई म्हंजी भांडन. न्हाई म्हनायचं, आन् लगेच काहून ते सांगायचं. आन् सांगून झालं की गप बसायचं. मालक बोलस्तोवर तोंड उघडायचं न्हाई. त्या गप बसन्यातच सारं हाय.”

आठ दिवस तेच चाललं. संतराम इंग्रजीत नाही म्हणायचा, कारण सांगायचा आणि ओठ मिटून उभा राहायचा. रूपाबाईला इंग्रजी कळत नव्हती, पण कुठं कमी पडला ते तिला बरोबर कळायचं. चाचाही सुधारले. त्यांनी प्रत्येक नकाराला ‘सर’ जोडून दिलं. म्हणाले, ना तुमचा, अदब माझी.

पौष सरता सरता आम्ही दोघं निघालो. पूर्णेला गाडी बदलली. माझ्याकडं वाळक्या बोंडांची पिशवी होती, ती मी रात्रभर मांडीवरून उतरू दिली नाही. हैदराबादेत मोठा दिवाणखाना, वर पंखे, खाली दीडेकशे खुर्च्या. मला पिशवी घेऊन दाराशी उभं केलं.

संतराम बोलला. कागद संपला. मग पहिल्या रांगेतला एक पांढऱ्या मिशांचा गोरा साहेब उठला आणि बराच वेळ बोलला. शेवटी शेवटी काही लोक हसले. मला एक शब्द कळला नाही, पण हसणं कुठल्याही भाषेत कळतं.

संतरामची मान खाली गेली. नजर बहुतेक दुसऱ्या गुंडीवर. “येस, सर,” तो म्हणाला. साहेब बसायला लागला.

“नो, सर.”

साहेब अर्धा वाकलेला तसाच थांबला. संतरामनं मान वर केली होती. तो चार-पाच वाक्यं बोलला, त्यातलं ‘वारंगा’ एवढं मला ओळखू आलं, कारण पऱ्हाटी न जाळणारं गाव त्या बाजूचं होतं. बाकीचं त्यानं मला मागून सांगितलं: साहेब म्हणाला होता, अळी बियाण्यातून येते, आणि यानं विचारलं, मग एकाच पोत्यातलं बियाणं असून दोन गावांत फरक कसा? मग तो गप्प बसला. इतका गप्प, की पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. मी मनात म्हटलं, बोलू नको, भाऊ, मालकाला बोलू दे.

साहेबानं बोलायला खरंच वेळ लावला. मग एकच छोटा सवाल केला. संतराम मला मराठीत म्हणाला, “ग्यानबा, पिशवी आन.”

मी सगळ्या खुर्च्यांमधून चालत गेलो. साहेबानं स्वतः हात घालून एक बोंड उचललं, दुसरं कोणी निवडू नये म्हणून. संतरामनं ते साहेबासमोरच्या कागदावर फोडलं. दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या होत्या. त्या नखानं वेगळ्या केल्या तशी आतून अळी निघाली आणि कागदावर वळवळली. मागचे लोक खुर्च्यांवरून उठून बघायला आले. सवयीनं माझा हात चिंचोका शोधायला लागला.

तिसऱ्या सालची मंजुरी फाल्गुनात आली. बियाण्यातूनही अळी येते हे साहेबाचं म्हणणंही पुढं खरंच निघालं. संतरामनं ते पुढच्या कागदात स्वतः लिहिलं. मळ्यावर तो राहिला आणि त्याच उन्हाळ्यात त्यानं मला पाटी-पेन्सिल आणून दिली. पण ते नंतरचं.

परतलो त्या दिवशी आधी चाचांकडं गेलो. ते अंगणात खाटेवर बसले होते. रूपाबाईही आली होती. संतरामनं सगळं सांगितलं. चाचांनी एकच गोष्ट दोनदा विचारली.

“तू नो सर म्हनलास. मंग साहेबानं काय केलं?”

“पानी पिले. आन् मंग विचारलं, बोंडं संग आनली हायेत का.”

“ओरडले न्हाई?”

“न्हाई.”

“बाहेर काढलं न्हाई?”

“न्हाई, चाचा. मंग चहाला संग घेऊन गेले.”

चाचांना हसू फुटलं आणि ते थांबेना. डोळ्यांना पाणी आलं ते उपरण्यानं पुसत म्हणाले, “तीस साल. बस एवढंच होनार होतं?”

रूपाबाई म्हणाली, “आता म्हना की. कोन आडवं येते?”

तिनं आत जाऊन चहा आणला आणि चाचांसमोर धरला. “घ्या, साहेब. गोड हाय.”

चाचांनी घोट घेतला, पाठ सरळ केली आणि तिच्या डोळ्यांत बघून म्हणाले, “नो, सर. साखर कमी हाय.” आणि ओठ मिटून बसले, ती साखर आणेपर्यंत.

जलालुद्दीनचाचा १९४५ सालच्या डिसेंबरात हिंगोलीतच वारले.