बोटभर अंतर

माझ्या नवऱ्याच्या हातून सिनेमात शेकडो माणसं मेली, पण सेटवर कुणाला साधा ओरखडाही उठला नाही. तो फाइट मास्टर. सगळे त्याला मास्तर म्हणतात. मी तोंडावर 'अहो' म्हणायचे आणि माघारी मास्तर. आता इथे नुसतं 'तो' पुरे.

त्याची कला अशी, की ठोसा पूर्ण ताकदीने येतो आणि समोरच्याच्या गालापासून बोटभर अंतरावर थांबतो. तेवढं अंतर कॅमेऱ्याला दिसत नाही. समोरच्याने मान झटकायची, आवाज मागून भरायचा, की थिएटरात लोक हळहळायला मोकळे. नव्या लोकांना तो नेहमी सांगायचा, मारणं गाढवालाही येतं, थांबायला शिका. मी त्याच सेटवर कपडे बेतायचे, फाटलेलं सांधायचे, पडणाऱ्यांच्या कोपरा-गुडघ्यांना आतून गाद्या लावायचे. माझ्या हातची गादी आणि त्याच्या हातचा ठोसा, दोन्हींवर लोकांचा डोळे मिटून भरवसा होता.

घरी मात्र तो हात थांबत नसे. जबडा आवळला आणि कानाखालची शीर उडायला लागली, की मी आधी गॅस बंद करायचे. आपलं काही वाचो न वाचो, निदान घराला आग लागू नये. एकदा माझ्या डाव्या कानाचा पडदा फाटला. कपाटाचं दार लागलं, असं मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी गालावरचे वळ पाहिले आणि म्हणाले, बाई, तुमच्या कपाटाला बोटं आहेत.

मारून झालं की तो न्हाणीघराच्या उंबऱ्यावर डोकं धरून बसायचा. "हात सुटला गं," म्हणायचा. "माझ्या ताब्यातच राहत नाही." सासूबाई माझ्या कपाळाला फडकं लावत समजूत घालायच्या. घरोघरी मातीच्या चुली, पोरगा तापट आहे पण मनाचा वाईट नाही, राग चढला की त्याला स्वतःचंही भान नसतं. आणि मी ते मानलं होतं. थोरल्या बहिणीने माझ्यासाठी मागची खोली रिकामी करून ठेवली होती, फोन केला की एकच विचारायची, कधी येतेस. मी सांगायचे, ताई, तो मुद्दाम करत असता तर उद्याच आले असते. रोग जडलेल्या माणसाला टाकून कसं यायचं?

मग एक सिनेमा आला. दिग्दर्शक विचारी होता, म्हणजे समोरच्याचा चहा गार होईपर्यंत बोलणारा. माणसाच्या आत डोकावायचं, हा मुळात कोण आहे ते शोधायचं, बाकी सगळी करमणूक, असं त्याचं म्हणणं. गोष्ट बायकोला मारणाऱ्या एका माणसाची होती. त्या माणसाला लेखकाने काय काय दिलं होतं! पट्ट्याने झोडपणारा बाप दिला, गेलेली नोकरी दिली, काळ्याशार पाण्यात बुडण्याचं स्वप्न दिलं, वर आरशासमोर रडत बोलायला दीड पान दिलं. नटीच्या पोशाखाला टाचण्या लावता लावता मी विचारलं, आणि ही कोण आहे? दिग्दर्शकाने कागद चाळले. "ही सहन करते," तो म्हणाला.

तिला माराच्या प्रसंगात एकही संवाद नव्हता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. तिने मार खायचा, पडायचं, आणि आपण त्याच्या मनाचा विचार करत घरी जायचं.

सेटवरचं स्वयंपाकघर मात्र अस्सल होतं. नळाला पाणी होतं, शेगडी पेटत होती, आणि शेगडीशेजारी बिडाचा खराखुरा तवा होता, मांडणाऱ्या माणसाने दोन्ही हातांनी उचलून ठेवलेला. दिग्दर्शकाला खोटं खपत नसे.

पण नायकाला ठोसा जमेना. आधी तो इतक्या लांबून मारायचा की मधून माणूस जाईल. मग ओरडा बसला तसा पुढे सरकला आणि ठोसा नटीच्या तोंडावरच आपटला. तिचा ओठ फाटला. मी शिवलेल्या पोशाखावर गळ्यापासून पोटापर्यंत रक्त ओघळलं आणि ती आपल्या खोलीत जाऊन कडी लावून बसली. ती काही आज बाहेर येत नाही, हे सगळ्यांना कळलं. तेव्हा दिग्दर्शकाने ठरवलं, की नायकाचा शर्ट मास्तरने घालायचा, त्याच्या मागून उजेड सोडून चेहरा काळा ठेवायचा, आणि कॅमेरा लावायचा बाईच्या पाठीमागे. आता हवी होती फक्त नटीच्या बांध्याची पाठ. जादा पोशाख मी माझ्याच अंगावर बेतलेला होता. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"घ्या हिला," मास्तर हसून म्हणाला. "माझ्याच तालमीतली आहे."

लोक हसले. सवयीने मीही हसले.

पहिल्या वेळी त्याने हात उचलायच्या आधीच माझे दोन्ही हात डाव्या कानावर गेले. ठोसा आला आणि थांबला. दिग्दर्शक माझ्यावर खूश झाला, काय अस्सल केलंत म्हणाला. मग त्याच्याकडे वळून सगळ्यांदेखत म्हणाला, मास्तर, हे सर्कशीतलं वाटतंय, तुम्हाला खरा राग कधी आला आहे का हो? मागे दिव्यांजवळ कुणीतरी फिसकन हसलं. मास्तरला सर्कस म्हणणारा आजवर जन्मला नव्हता. त्याचा जबडा आवळला. कानाखालची शीर उडायला लागली. माझा हात आपोआप शेगडीकडे गेला आणि मी ती बंद केली.

पुन्हा सुरू झालं. या खेपेला डोळे घरचे होते. ओठांच्या कडेला थुंकी जमली होती आणि तोंडात ती शिवी होती जी कुठल्याच लेखकाने लिहिलेली नव्हती. आता माझे दात घशात जाणार, अशी माझी खात्रीच झाली. ठोसा आला आणि थांबला. त्याच्या बोटांच्या सांध्यांची ऊब मला गालाला लागली. दुसरा पोटाकडे आला, तोही थांबला. तिसरा त्याच कानावर आला, कानाजवळची एक बट हलली, बस. तो रागाने नखशिखांत थरथरत होता. पण माझी नजर मापाची आहे, जन्म गळ्यात टेप अडकवून गेला. अंतर तिन्ही वेळा बोटभर होतं, ना कमी ना जास्त.

म्हणजे याला थांबता येतं. राग मस्तकात गेल्यावरही येतं. घरीही येत होतं. उंबऱ्यावर डोकं धरून बसायचा तेव्हाही ते त्याला ठाऊक होतं. माझा कान फोडणारा हात त्याने नेम धरून आणला होता, आणि मी बिचाऱ्याचा आजार म्हणून पाठीवरून हात फिरवत बसले होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला त्याच्यापेक्षाही माझा राग आला.

आता मी पडायचं होतं. मी पडले नाही. त्याचा उजवा हात अजून माझ्या कानाजवळ तसाच होता, आपल्याच कसबावर खूश. मी दोन्ही हातांनी तवा उचलला आणि सगळ्या अंगाचा भार देऊन मनगटावर घातला. आवाज मागून भरायची गरज पडली नाही. हाड कातडीखाली भलतीकडेच वर आलं आणि पंजा शर्टाच्या बाहीतून नुसता लोंबायला लागला. तो गुडघ्यांवर आला. ओरडायला तोंड उघडलं, पण आधी नुसता श्वासच आत जात राहिला. त्याने वर माझ्याकडे पाहिलं आणि डावा हात आपल्या कानावर धरला.

"हात सुटला," मी म्हटलं.

मी तवा पुन्हा डोक्यावर नेला आणि खाली आणला. आता मात्र तो गुरासारखा ओरडला. त्याच्या टाळूपासून बोटभर अंतरावर मी तवा थांबवला आणि तिथेच धरून ठेवला, हात भरून येईपर्यंत. नवशिकी असून मला ते पहिल्याच खेपेला जमलं. मग तवा शेगडीवर ठेवला आणि बाहेर आले.

दवाखान्यात त्याने अपघात झाला म्हणून सांगितलं. दुसरं काय सांगणार? झाकली मूठ सव्वा लाखाची, मग ती प्लास्टरमध्ये का असेना. मी सेटवरूनच थेट ताईकडे गेले. मागच्या खोलीत अंथरूण घातलेलंच होतं. ताईला मी आपणहून सांगितलं. तो मुद्दाम करत होता गं.

दिग्दर्शकाने तो प्रसंग सिनेमात तसाच ठेवला आहे. शेवट मात्र त्याला बदलावा लागला, आरशासमोरचं दीड पान गेलं. पाठ माझी आहे, नाव नटीचं आहे. त्या बाईला एकही संवाद नव्हता, तिथे आता दोन शब्द आहेत. ते नटीच्या आवाजात पुन्हापुन्हा भरून पाहिले, पण बसेनात, म्हणून माझेच ठेवले.