ताईचा कान

ताईने ओळीखाली बोट धरलं आणि तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली. दुपारची वेळ, वाचनालयात चिटपाखरू नव्हतं. पलीकडच्या टेबलाशी ग्रंथपाल बाई फाटक्या पुस्तकांच्या पाठींना खळ लावत बसल्या होत्या. ताईचं बोट सावकाश सरकत शेवटच्या अक्षरापाशी आलं आणि तिथेच राहिलं.

‘बाई जागी होती. नवऱ्याची हाक तिला ऐकू आली. ती उठली नाही.’

अक्षरं सोपी होती. तरी तिने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा चढवला. ओळ तशीच होती.

“काय आजी, अडलं का कुठे?” ग्रंथपाल बाईंनी विचारलं. “आणि सख्ख्या भावाचं पुस्तक वर्गणी भरून वाचायचं म्हणजे कमालच तुमची!”

“पिकतं तिथं विकत नाही, बाई,” ताई म्हणाली. रोज ती हे हसून म्हणायची. आज हसू आलं नाही.

पुस्तक धाकट्या भावाचं. लोक त्याला मोठा कादंबरीकार म्हणत, ताई बारक्या म्हणायची. नवरा गेल्यावर ती त्याच्याकडे राहायला आली, तेव्हापासून घरातला एक रिवाज मोडला नव्हता. सकाळी तो खिडकीशी बसायचा, ब्लेडने पेन्सिलींना टोकं काढायचा आणि उन्हं अंगणात उतरेपर्यंत लिहायचा. मग कागद घेऊन ताईसमोर येऊन बसायचा. ताई शिंप्याकडून आणलेल्या सदऱ्यांना काजं करायची आणि ऐकायची. वाचता वाचता तिची सुई थांबली, की तो कागदावर खूण करायचा. सुई का थांबली हे तो कधी विचारत नसे. वाक्य तिथे जिवंत तरी आहे नाहीतर खोटं तरी, एवढं त्याला पुरायचं.

मुलाखतींमध्ये तो हे कौतुकाने सांगायचा. “माझी बहीण माझी पहिली वाचक. तिला अक्षरओळख नाही, म्हणून तर तिचा कान खरा.” लोक टाळ्या वाजवायचे. ताईने एकदा म्हणून पाहिलं होतं, की म्हाताऱ्या बायकांसाठी वर्ग निघालाय, मी जाऊ का? तो केवढ्यानं हसला होता. “छे गं! तू शिकलीस तर माझं दुकानच बसेल!” तीही हसली होती. मग चोरून जाऊ लागली होती. त्याच्या पुढच्या कादंबरीच्या प्रकाशनाला उभं राहायचं आणि सगळ्यांदेखत एक पान वाचून दाखवायचं, असा तिचा बेत होता. नुसतं मनात आणलं तरी तिला आतून गुदगुल्या व्हायच्या.

आणि सराव म्हणून तिने त्याची सगळ्यात गाजलेली कादंबरी घेतली होती, कारण ती तिने कानांनी पुरी ऐकलेली. अडलं तर आठवणीचा हात धरता येईल, असा हिशेब. हे पान तिला चांगलं आठवत होतं. बारक्याने वाचलं होतं, ‘बाई दिवसभराच्या कष्टाने मेल्यागत झोपली होती. हाक तिच्यापर्यंत पोचलीच नाही.’ त्या दिवशी सुई थांबली होती. तिने डोळ्यांना पदर लावला होता. नवरा गेला त्या रात्री आपण जाग्या होतो, ही जगात एकट्या भावाला सांगितलेली गोष्ट, आणि भावाने ती कागदावरसुद्धा पोटात घातली, म्हणून तिचा ऊर भरून आला होता.

तिने पान उलटलं. पुढे त्या बाईची वाकडी करंगळी होती, ताईची होती तशीच. काजं करायचं काम होतं. आजारी नवऱ्याच्या उशाशी ठेवलेला पितळी गडू होता. नाव तेवढं निराळं.

हे पुस्तक घरोघर गेलं होतं. आणि पुस्तक आलं त्याच वर्षी लेक माहेरपणाला आली होती. भाजीत मीठ जास्त झालं, एवढ्याशा कारणावरून ती भांडली आणि गेली, ती पुन्हा आली नाही. ताईने फोन केले, की जावई घ्यायचा आणि ती कामात आहे म्हणायचा. मिठाचं एवढं काय, हे कोडं ताई इतकी वर्षं सोडवत बसली होती.

तिने पुस्तक मिटलं आणि ग्रंथपाल बाईंच्या टेबलावर ठेवलं.

“झालं वाचून?”

“झालं,” ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बारक्या कागद घेऊन आला तेव्हा ताई मोकळ्या हातांनी बसली होती.

“शिवण कुठंय?”

“आज नको. तू वाच.”

तो वाचू लागला. एका आंधळ्या गवयाची गोष्ट होती. ताई त्याच्या तोंडाकडे पाहत नव्हती, त्याच्या डोळ्यांकडे पाहत होती. पानाच्या मध्यावर त्याचे डोळे दोन ओळी ओलांडून खाली उतरले. आवाज मात्र जराही अडखळला नाही. किती सफाई होती! सवयीचा पाय पायरी न पाहता उतरतो तशी.

“मधलं राहिलं,” ताई म्हणाली.

“कुठलं?”

तिने उठून त्याच्या खांद्यावरून कागदावर बोट ठेवलं. त्याचं अक्षर लागायला छापील पुस्तकापेक्षा अवघड होतं. एकेक शब्द सुटा करत तिने वाचलं, “बहिणीच्या... घरचं... अन्न त्याला... उपकारासारखं... लागायचं.”

बारक्याने हळूच कागद उलटा केला. मग म्हणाला, “केव्हा शिकलीस?”

“तुला काय करायचंय? ते पितळी गडूवालं पुस्तक वाचलं मी.”

“ताई...”

“मला वाचून दाखवलंस ते एक आणि छापलंस ते दुसरं. कान खरा म्हणे! कानात गूळ ओतत होतास होय रे?”

“तुला दुखवायचं नव्हतं मला.”

“म्हणून गावाला दाखवलंस?”

“ती कादंबरी आहे गं. त्या बाईला लोक वाईट म्हणत नाहीत, रडतात तिच्यासाठी.”

“लेकीने वाचली?”

तो पेन्सिलीचं टोक बोटावर फिरवत राहिला.

“मी काय विचारतेय, बारक्या?”

“वाचली. आली होती माझ्याकडे. मामा, हे खरं आहे का, म्हणाली.”

“मग?”

“मी म्हटलं, लेखकाला असं विचारायचं नसतं.”

इतक्या वर्षांत रोज सकाळी हा माणूस तिच्यासमोर बसून चहा प्यायला होता. लेकीचा फोन आला का, म्हणून चौकशीही करायचा. वर म्हणायचा, येईल गं, पोरींची डोकी फिरतात.

“चूक झाली माझी,” तो म्हणाला. डोळे खरोखर भरले होते त्याचे. “तू म्हणशील तर मी तिच्या पाया पडतो. पण ताई, मी खोटं काही लिहिलं नव्हतं.”

“तू अर्धं लिहिलंस,” ती भडकून म्हणाली. “कारण मी तुला अर्धंच सांगितलं होतं. मी का उठले नाही, हे तुला कुठे ठाऊक आहे? आदल्या दिवशी ह्यांनी मला जवळ बोलावलं आणि...”

ती एकदम थांबली.

बारक्या पुढे झुकला होता. गालावरचं पाणी तसंच होतं. आणि त्याचा उजवा हात उलट्या ठेवलेल्या कागदाची कोरी बाजू सारखी करत होता. हाताचं हे चाललंय, हे त्याला बिचाऱ्याला माहीतही नसावं.

ताईने त्या हाताकडे पाहिलं. नवऱ्याने तिचं मनगट धरून म्हटलं होतं, ‘आता पुरे झालं. पुढची हाक मी मारली तरी तू येऊ नकोस. हाक या देहाची असेल, माझी नसेल. शब्द दे.’ आणि लेकीला यातलं काही कळू देऊ नकोस, बाप जगायला कंटाळला होता असं तिला वाटायला नको, असंही म्हटलं होतं. तिने दोन्ही शब्द पाळले होते. हाक ऐकत, उशीचा कोपरा दातांत धरून पाळले होते.

“आणि?” बारक्याने विचारलं.

“आणि काही नाही.”

ती आत गेली. दोन लुगडी आणि औषधांच्या गोळ्या पिशवीत घातल्या. चपला पायात सरकवून अंगणात आली, तोवर तो दारात येऊन उभा होता.

“कुठे निघालीस?”

“लेकीकडे.”

“तिने दार नाही उघडलं तर?”

“तर पायरीवर बसेन. बाहेरून बोललेलं आत ऐकू जातं.”

तिने फाटकाची कडी काढली.

“ताई, थांब ना जरा,” तो मागून म्हणाला. आवाज अगदी मऊ होता. “दाजी काय म्हणाले होते गं?”

ज्या दिवशी तिने त्याला ते अर्धं सांगितलं, त्या दिवशीही त्याने असंच विचारलं होतं. याच आवाजात. तेव्हा तिला वाटलं होतं, भावाची माया काही औरच असते.

तिने बाहेर पडून फाटक ओढून घेतलं.