आज वार कोणता?

मी सायलीच्या दाराची कडी बोलतेय. चिकलठाण्याला, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या दाराला आतून मी लटकलेली असते. शेजारी एक चकचकीत लॅच आहे. त्याला तीन किल्ल्या आहेत आणि त्याचा त्याला भारी तोरा आहे. मला बसवायला आलेला रामकिसन सुतार तर हसलाच होता. "ताई, एवढं भारी लॅच असताना ही बैलाची साखळी कशाला?" सायली एवढंच म्हणाली, "तुम्ही लावा." माणसं नव्या घरात तुळस आणतात, देव आणतात. हिनं कडी आणली. का आणली, ते सांगते.

माझा जन्म पिशोरच्या बाजारातल्या लोहाराच्या भात्यापुढं झाला. सायलीच्या वडिलांनी, अप्पारावांनी, लग्न झाल्यावर मला हौसेनं घेतलं. "कडी दणकट पाहिजे, जग लई वाईट झालंय," असं लोहाराला म्हणाले होते. पुढं जगाला अडवायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. अडवावं लागलं ते त्यांनाच.

अप्पाराव पिशोर-कन्नड जीप चालवायचे. शुद्धीत असले की माणूस मायाळू. लेकीला मांडीवर घेऊन स्टेअरिंग धरू द्यायचे. पण दिवेलागणीला शेवटची फेरी संपली की पावलं गुत्त्याकडं वळायची. मग घरातले सगळे कान दाराकडं लागायचे.

सायलीच्या आईनं, चतुराबाईनं, यावर एक युक्ती काढली होती. नवरा दारात आला की ती आतून विचारायची, "आज वार कोणता?" उत्तर बरोबर आलं तर मला काढायची. वार चुकला, जीभ अडखळली, तर पोरीला उचलून मागच्या दारानं शेजारच्या चंपाबाईकडं. गल्लीतल्या बायांना वाटायचं, हिचे उपास-तापास फार, म्हणून ही रोज वार विचारते.

सायली नऊ वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. चतुराबाई चुलीपाशी होती. दार वाजलं. आईच्या आधी पोरच धावली आणि आईच्याच आवाजात तिनं विचारलं, "आज वार कोणता?"

"बुधवार." स्वच्छ, खणखणीत.

बुधवारच होता. सायलीनं टाचा उंचावून मला काढलं.

तो प्यायलेला होता. प्यायलेल्याला मी अहो-जाहो करत नाही. गुत्त्यात कुणाला तरी वार विचारून, वाटभर तो घोकत आला होता. आत शिरल्या शिरल्या त्यानं चतुराबाईचा हात पिरगळला. मनगटाचं हाड मोडलं. सायली दाराला पाठ लावून उभी होती आणि पुटपुटत होती, "कडी मी काढली. मी काढली." ते मी ऐकलं, दुसऱ्या कुणीच नाही. मला त्या दिवशी स्वतःची लाज वाटली.

पुढं अप्पाराव दारूपायीच गेले. चतुराबाई भावाकडं पाचोडला राहायला गेली. सायली शिकली, शेंद्र्याच्या एका कंपनीत लागली, अभयशी लग्न झालं. पिशोरचं घर विकलं तेव्हा तिनं फक्त मला मागून घेतलं. खोटं कशाला बोलू, मी हरखून गेले होते.

अभय दारूच्या थेंबालाही शिवत नाही. तरी रोज बाहेरून आला की हिचा प्रश्न ठरलेला. त्याला आधी ती थट्टाच वाटली. "मंगळवार, बाईसाहेब! काल सोमवार होता, उद्या बुधवार येणार आहे," म्हणायचा. पण एकदा सलग आठवडाभर नाइट शिफ्ट करून आला आणि गडबडला. "गुरुवार... थांब, शुक्रवार का?" शिफ्टवाल्याला कुठला वार न् कुठलं काय. पण सायलीनं मला काढलं नाही. दहा मिनिटं तो माणूस स्वतःच्या दाराबाहेर उभा होता. शेवटी त्यानं बरोबर वार सांगितला तेव्हाच मी निघाले, आणि तिनं आधी त्याच्या तोंडाचा वास घेतला. त्यानंतर बरेच दिवस तो थट्टा विसरला.

मग आला तो दिवाळीनंतरचा दिवस. सायली भाजीची पिशवी घेऊन आली. तिनं किल्लीनं लॅच उघडलं, पण मी लागलेली होते. अभय अंघोळीला गेला होता. त्यांची सहा वर्षांची रूपा चपलांच्या स्टँडवर चढून मला धरून उभी होती.

"आई, आधी वार सांग."

"रूपा, दार उघड."

"आधी वार!"

पोर खेळत नव्हती. तिची बोटं गार पडली होती, घामेजली होती. पिशोरच्या दारातली ती बोटं मी लगेच ओळखली. बाहेर सायलीच्या हातातली पिशवी पडली आणि गवारीच्या शेंगा जिनाभर पसरल्या. तिनं कसाबसा वार सांगितला, तेव्हाच रूपानं मला काढलं.

त्यानंतर ती कंपनीतल्या दीपमालाबरोबर दर शनिवारी एका बैठकीला जाऊ लागली. ज्यांच्या घरात पिणारं माणूस होतं, असे लोक तिथं जमतात म्हणे. ते काय बोलतात मला ठाऊक नाही, मी दार सोडून कुठं जाणार? पण परत आली की तिचे डोळे सुजलेले असायचे आणि जेवण मात्र नीट जायचं.

संक्रांतीला चतुराबाई आली. दाराजवळ बसून वाकड्या मनगटानं मेथी निवडत होती. सायली तिच्याशेजारी बसली. तीही मेथी निवडू लागली.

"आई, त्या बुधवारी कडी मी काढली होती."

"कोणत्या बुधवारी?"

"तुझा हात मोडला त्या."

चतुराबाईची बोटं थांबली. "अगं, वार बरोबर व्हता की! मी बी काढलीच असती." मग तिनं लेकीकडं नीट पाहिलं. "एवढी वर्सं हे धरून बसलीस व्हय? हात त्यानं मोडला, सायली. तू नाय. त्या कडीनं बी नाय. ती युक्ती माझी व्हती, त्यो वार पाठ करील हे मला कळाया पायजे व्हतं."

"आई, तुझीबी चूक नाय," सायली म्हणाली. कंपनीत शुद्ध बोलणारी पोर तेवढ्यापुरती पुन्हा पिशोरची झाली. दोघी मेथीवर वाकून रडल्या. त्या बाईनं माझंही नाव घेतलं, हे मी विसरणार नाही.

म्हणून सगळं एकदम सुरळीत झालं असं नाही. संध्याकाळी पावलं वाजली की अजूनही सायलीचा हात आधी माझ्याकडं येतो.

परवा गुरुवारी ती बाहेरून आली. मी लागलेली, रूपा स्टँडवर.

"आई, वार?"

"रविवार," सायली म्हणाली.

"चुकलं! आज गुरुवार आहे."

"हो, चुकलं. पण आवाज माझाच आहे ना?"

"हो..."

"मग उघड, राणी. आपल्या घरात वार चुकला तरी चालतं."

"बाबांचा चुकला तरी?"

"बाबांचा चुकला तरी."

माझ्या उभ्या आयुष्यात चुकलेल्या वाराला मी कधी निघाले नव्हते. पोरीची बोटं माझ्यावर थांबून राहिली. मग तिनं हळूच मला काढलं आणि धावत जाऊन आईच्या कमरेला मिठी मारली.

रविवारी रामकिसनला बोलावलंय, मला काढायला. तो पुन्हा हसेल, हसू दे. दारावर चार भोकं राहतील, ती लांबी भरून बुजवतील. मला भंगारात द्या, माझी तक्रार नाही. एकच मागणं आहे. घर राखायचं काम मोठ्या माणसांनी करावं. टाचा उंचावल्याशिवाय जिचा हात कडीला पुरत नाही, तिच्यावर ते सोपवू नका.