बुरुजेंच्या दारावरची पाटी

मित्रांनो, सुरतेच्या नवागामला आलात तर एका अरुंद गल्लीत निळं दार दिसेल. त्या दाराशेजारी खिळ्याला टांगलेली जुनी लाकडी पाटी म्हणजे मी. माझा रंग आता पोपडे धरून गळतो. माझ्यावर तीन नावं आहेत आणि तिघांचं मिळून एकच आडनाव: बुरुजे. या आडनावापायी घरात जे घडलं, ते सांगताना मला संकोच वाटतो. पण सांगायला हवं.

माझं लाकूड उधन्याच्या एका कापड कारखान्यातलं. एक जुना माग मोडीत निघाला, तेव्हा त्याच्यावर राबलेल्या दगाने शेठकडून एक फळी मागून घेतली. दगा आणि सुंदरा हे साक्रीकडून पोटासाठी सुरतेला आलेलं जोडपं. भाड्याच्या खोल्या बदलून बदलून त्यांना नुकतीच स्वतःची खोली मिळाली होती. रिक्षांच्या पाठीवर अक्षरं काढणाऱ्या एका पेंटरकडे दगा मला घेऊन गेला.

"दगा बुरुजे, एवढंच ना?" पेंटरने विचारलं.

"नही भाऊ. बायकोचं लिहा, सुंदरा. आन पोऱ्याचं, चेतन."

पोऱ्या तेव्हा धड चालतही नव्हता. पेंटरने मराठीत नावं काढली, टपालवाल्याच्या सोयीसाठी खाली गुजरातीतही काढली. दगाला वाचता येत नव्हतं. रंग वाळल्यावर त्याने विचारलं, "ह्यात चेतन कोणतं?" पेंटरने दाखवलं. तेवढ्या तीन अक्षरांवरून त्याने बोट फिरवलं आणि मला काखेत मारून घरी आणलं.

मित्रांनो, ती वर्षं माझ्या सुखाची होती. सुंदरा मला ओल्या फडक्याने पुसायची. गावाकडून नवी माणसं कामाच्या शोधात यायची आणि "बुरुजेंचं घर कोणतं?" असं विचारत माझ्यापाशी येऊन थांबायची. त्यांना दोन दिवस तरी इथे जेवण आणि अंथरूण मिळायचं. चेतन शाळेत जायला लागला, तेव्हा आपलं नाव लिहायला तो माझ्याकडे बघून शिकला.

चेतन शिकला, साड्यांच्या बाजारात एका मोठ्या दुकानाची ऑनलाइन विक्री बघू लागला. गायत्रीशी त्याचं लग्न झालं. त्याच लग्नात कोणीतरी त्याला विचारलं, "बुरुजे? हे कुठलं आडनाव? कधी ऐकलं नाही." विचारणारा विसरून गेला. चेतन विसरला नाही. त्याने नातेवाइकांकडे विचारपूस सुरू केली. आपले पूर्वज एका गढीच्या बुरुजावर पहारा करायचे, अशी एक गोष्ट कोणाकडून तरी त्याच्या कानावर आली आणि त्याला जणू नवी उंची मिळाली. सुरत, नंदुरबार, धुळे, जिथे जिथे बुरुजे होते तिथून त्याने माणसं गोळा केली, मोबाइलवर त्यांचा गट केला आणि कुळमेळावा ठरवला. मेळाव्याआधी सगळ्या घरांतल्या पुरुषांनी डीएनए तपासणी करायची, अशी त्याची कल्पना होती. बापाकडून मुलाकडे उतरत जाणारी एक खूण असते. ती सगळ्यांची जुळली की बुरुजे हे एकाच मूळ पुरुषाचे वंशज, हे सिद्ध होणार होतं.

एका दुपारी त्याने ओट्यावर बसून दगाच्या गालात कापसाची काडी फिरवली.

"हे कसाले?" दगाने विचारलं.

"आपलं आडनाव कुठून आलं ते कळतं, दादा."

"फिरव मंग," असं म्हणून दगाने तोंड उघडलं. चेतनने स्वतःच्याही गालात काडी फिरवली. नमुने बाहेरगावच्या प्रयोगशाळेत गेले.

निकाल आले. बहुतेक घरं जुळली, दगाही जुळला. चेतनचा नमुना खराब झाल्याने त्याला तो पुन्हा द्यावा लागला. जुळला नाही तो एकच माणूस, सुरतेजवळच्या कडोदऱ्याचा उखा बुरुजे. उखा पन्नाशीचा, मागावरचाच कामगार. मेळाव्यासाठी मंडपवाल्याकडे, आचाऱ्याकडे सगळ्यात जास्त खेटे त्यानेच घातले होते.

चेतनने गटावर लिहिलं, की उखा यांचा वंश आपल्याशी जुळत नाही, तेव्हा त्यांना मेळाव्यात घराण्याचा मान देता येणार नाही. एवढ्यावर तो थांबला असता तरी बरं होतं. ओट्यावर उभा राहून त्याने मग गटात आवाजी निरोप पाठवला. "जुळत नाही म्हणजे काय ते समजून घ्या," तो हसत म्हणाला. "मागे कुठेतरी कोणातरी बाईचा पाय घसरलेला असणार. उखाभाऊंनी आपल्या आईलाच विचारावं."

मी त्याच्या खांद्याशी टांगलेली होते. माझ्यावरच्या नावाची मला त्या दिवशी पहिल्यांदा लाज वाटली. गायत्रीही दारात उभी होती. "हे बोलायला नको होतं तुम्ही," ती म्हणाली. "जे शास्त्रात आहे तेच बोललो," चेतन म्हणाला.

उखा गटातून बाहेर पडला.

मग चेतनचा निकाल आला. मोबाइलकडे बघता बघता त्याचा चेहरा उतरला. त्याची खूण कुठल्याच बुरुजेशी जुळत नव्हती. दगाशीही नाही. तो उठला, मला खिळ्यावरून काढलं आणि आत नेऊन पलंगाखाली पालथं टाकलं. तिथे जुन्या चपला होत्या आणि फुटका पंखा होता. लादीला तोंड लावून मी ऐकत पडले; जे दिसलं नाही ते मागाहून घरातल्यांच्या बोलण्यातून कळलं.

सुंदरा तांदूळ निवडत होती. चेतन तिच्यासमोर उभा राहिला.

"आई, मी कोणाचा?"

तिला प्रश्न कळला नाही. त्याने समजावून सांगितलं, आवाज चढवून सांगितलं. "तू काय केलंस ते सांग मला," असंही म्हणाला. ताटातले तांदूळ हलायचे थांबले. ज्या बाईने या पोराला वाढवलं, तिने मान खाली घातली, आणि चेतनला वाटलं की हाच तिचा कबुलीजबाब.

"तिले काय इचारस?" दगा म्हणाला. तो दारातून आत येत होता. "माले इचार."

दगा खाली बसला. चेतन जन्मला त्या वर्षी सुरतेत प्लेगची साथ आली होती, तो सांगू लागला. माणसं कुलपं लावून गाड्यांना लोंबकळत गावाकडे पळाली. शेजारच्या खोलीत भाईदास राहायचा, दगाच्याच पाळीतला. त्याची बायको बाळंतपणात गेलेली, पोर मांडीवरचं. भाईदास तापाने गेला. तो ताप साथीचा होता की साधा, कोणाला माहीत नव्हतं. त्या खोलीकडे कोणी फिरकेना. आत पोर रडत होतं.

"मी म्हनत व्हतो, हात लावू नको," दगा म्हणाला. "तुनी माय ऐकनी नही. गयी आन उचली लई उनी. पदरमा."

पोराच्या गावचं कोणीतरी येईल म्हणून त्यांनी वाट पाहिली. कोणी आलं नाही. नंतर वाट पाहणंही थांबलं.

चेतनने खाली बघत विचारलं, "भाईदास काय? आडनाव काय त्याचं?"

दगा आठवू लागला. "भाईदासच म्हनत व्हतो आम्ही. आडनाव इचारलं नही कधी."

"मग काडी का फिरवू दिलीस, दादा? कळणारच होतं ना?"

"ते मना डोकामाच नव्हतं, भाऊ," दगा म्हणाला. "तू मना नही, हे माले याद कुठे व्हतं?"

मित्रांनो, मलाही हे ठाऊक नव्हतं. चेतन आईच्या पायाशी बसला. तिने त्याला जवळ घेतलं नाही, दूरही केलं नाही. ताट उचलून ती चुलीकडे गेली. त्या दिवशी तिने सगळ्यांना वाढलं, पण चेतनशी बोलली नाही. पुढेही बरेच दिवस गरजेपुरतंच बोलत राहिली.

चेतन कडोदऱ्याला गेला. उखाच्या मुलीने दारातूनच सांगितलं, "पप्पा घरे नथी." उखाच्या चपला बाहेर होत्या, असं त्याने परत येऊन गायत्रीला सांगितलं. मग ओट्यावर बसून त्याने गटात दुसरा निरोप पाठवला. "मीही जुळत नाही," तो म्हणाला. "मला एका बाईने मरणाच्या खोलीतून उचलून आणलं आणि मी तिच्यावरच संशय घेतला. उखाभाऊंच्या आईबद्दल जे बोललो ते चार लोकांत बोललो, म्हणून चार लोकांतच माफी मागतो. मेळावा माझ्याशिवाय करा."

मेळावा झालाच नाही. काही दिवसांनी उखा स्वतः आला. चेतन उठून उभा राहिला. उखा बसला नाही.

"माझी आई ऐंशीच्या पुढची आहे," तो शांतपणे म्हणाला. "तुझं बोलणं तिने ऐकलं. नातींच्या समोर मला म्हणाली, बाबा, मी काय केलं रे? तुझी माफी मी तिला ऐकवली. तिला ती समजली की नाही, मला माहीत नाही."

सुंदराने पाणी आणून दिलं, ते उखा प्याला. चहाला थांबला नाही. जाताना दगाच्या पायाला मात्र हात लावून गेला.

मला पलंगाखालून चेतननेच काढलं. नव्याने रंगवून आणतो, म्हणाला. सुंदरा म्हणाली, "राहू दे आसंच." त्याने मला पुसलं आणि खिळ्यावर अडकवलं. येता-जाता तो आता माझ्याकडे बघत नाही, मान खाली घालून आत शिरतो.

मित्रांनो, दारावरची पाटी पुसा, उन्हापावसापासून जपा. आम्हाला तेवढंच पुरतं. पण कोणाचं नाव खरं आणि कोणाचं खोटं हे ठरवायला आम्हाला पुढे करू नका. आमच्यावर नावं रंगवली जातात तेव्हा आत कोणीतरी कोणाला तरी उचलून घेतलेलं असतं. ते आम्हाला वाचता येत नाही.