उतारावर उभी राहणारी म्हातारी

मित्रांनो, मी एक जुनी व्हॅन आहे. म्हातारी म्हणा, हरकत नाही. पण कालची हकिगत सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही!

तरुणपणी मी मोम्बासा शहराच्या रस्त्यावर माणसं कोंबून धावायचे. मग वोई गावच्या म्वाक्यो नावाच्या चालकानं मला घेतलं, माझं छत कापून वर उचलता येईल असं केलं आणि त्सावोच्या जंगलात सफारीला नेऊ लागला. माझ्यात बसतात ती पाठीवर बोचकं टाकून काटकसरीनं जग फिरणारी पोरं. कुठं कोणता प्राणी दिसला ते एकमेकांना कळवायला मोठ्या गाड्यांना रेडिओ असतो, मला नाही. त्यात माझा स्टार्टर मेलेला! म्हणून म्वाक्यो मला नेहमी उतारावर उभी करतो. ब्रेक सोडला, की मी घरंगळते आणि इंजिन धरतं. जंगलात खाली उतरून धक्का कोण मारणार?

म्वाक्योची आई वाकेशो पहाटे उठून सफारीवाल्यांचे डबे भरते. चपात्या, उकडलेली अंडी. संध्याकाळी रिकामे डबे देताना पाहुणे सांगतात, "बिबट्या पाहिला!" सारा जन्म जंगलाच्या कुंपणाशी गेला, पण तिनं तो कधी पाहिला नव्हता. काल एक जागा रिकामी होती. तेरेझा नावाची पाहुणी म्हणाली, "आज तुम्हीच चला ना!"

दिवसभर हत्ती दिसले, जिराफ दिसले. बिबट्या नाही. ऊन उतरलं. आम्ही एका उतारावर थांबलो होतो, तेवढ्यात मोठ्या गाड्या धुरळा उडवत गेल्या. एक चालक ओरडला, "नदीवर सिंह आलाय, चल!"

"सिंह राहू दे. माझा बिबट्या कुठाय?" आई म्हणाली.

"आई, तो काय माझ्या खिशात आहे?"

"मग गप्प बस जरा. तुझ्या गाडीच्या खोकल्यानं उंदीरसुद्धा पळेल."

मला रागच आला! पण म्वाक्योनं इंजिन बंद केलं, सगळं शांत झालं आणि समोरच्या झाडावरून एक शेपटी लोंबताना दिसली. बिबट्या! तो सरसर खाली आला, ऐटीत चालत आला आणि ऐन वाटेत, माझ्या नाकासमोर आडवा झाला. आईनं माझ्या छताची कड घट्ट धरली. ती एकाच वेळी हसत होती आणि रडत होती. "अगं बाई, काय देखणा आहे गं!"

"आई, जंगलाचं फाटक बंद होईल," म्वाक्यो कुजबुजला. "उशीर झाला तर माझं जंगलात येणं बंद करतील. आणि हा वाटेत! गाडी सोडू कशी?"

"इतकी वर्षं तुमच्या घाईपायी पहाटे उठले. आज तू माझ्यासाठी थांब."

म्वाक्यो थांबला. माझा ब्रेक जुनाट, उतारावर कसाबसा धरून होता; दात असते तर मी आवळले असते! मनसोक्त लोळून बिबट्यानं जांभई दिली आणि तो झुडपात गेला. मी घरंगळले, इंजिननं धरलं आणि आम्ही सुसाट निघालो.

फाटकावर रखवालदार म्वाक्योवर डाफरला. आईनं छतातून डोकं काढलं. "त्याला कशाला बोलतोस? बिबट्या वाटेत लोळत होता. जा, दंड त्याच्याकडून घे!" रखवालदाराला हसू आवरेना. त्यानं फाटक उघडलं.

मित्रांनो, आम्हा जुन्या यंत्रांची काळजी घ्या. माझा स्टार्टर बदलायला म्वाक्योला कुणीतरी सांगा! पण त्याहून मोठी विनंती आहे. तुमचा डबा रोज कुणी भरत असेल, तर एकदा त्यांना खिडकीजवळची जागा द्या. आणि निघायची घाई करू नका.