चौथ्या मजल्यापर्यंतचं इंग्रजी

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्येच थांबली तेव्हा आत तिघे होते : हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर, त्यांच्या हाताखालचे छोटे डॉक्टर आणि लिफ्ट थांबवणारे लिफ्टमन मामा.

"काय झालं हो मामा?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

"दम खातेय साहेब. वय झालं तिचं."

लाल बटण मामांच्या पाठीमागे होतं, आणि मामांचा अंगठाही पाठीमागेच होता. त्यांना फक्त वाक्याचा शेवट हवा होता. तिसऱ्या मजल्यावर मोठे डॉक्टर "बेड नंबर ट्वेल्व्ह, वेल..." असं म्हणून थांबले होते. चौथा मजला आला की डॉक्टर लोक उरलेलं वाक्य बरोबर घेऊन बाहेर पडतात, हा मामांचा चोवीस वर्षांचा अनुभव. आणि बारा नंबरवर मामी होत्या. चार दिवसांपूर्वी त्यांच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं.

"शी इज अ फायटर," मोठे डॉक्टर म्हणाले.

मामांचा अंगठा आपोआप सुटला. लिफ्ट निमूट वर गेली.

शाळेतल्या इंग्रजीत मामांना एक गाय आणि एक माळी एवढेच भेटले होते. बाकीचं इंग्रजी ते लिफ्टमध्ये शिकले. भाच्याने एकदा डिक्शनरी आणून दिली, ती त्यांनी आठवड्याने परत केली. तिच्यात शब्दाचा अर्थ होता, पण तो शब्द ज्याच्याबद्दल बोलला गेला त्याचं पुढे काय झालं, हे दिलेलं नव्हतं.

मामांची पद्धत वेगळी होती. इमारतीला दोन लिफ्ट. पुढच्या लिफ्टने बरे झालेले पेशंट घरी जात. मागची लिफ्ट लांबट, स्ट्रेचर मावेल अशी. ती थेट मागच्या दाराशी, शववाहिकेपाशी उतरे आणि ती दुसरे लिफ्टमन अण्णा चालवत. मामा पुढे वाक्य ऐकत आणि जेवणाच्या सुट्टीत अण्णांना विचारत, "ते सात नंबरचे?" अण्णा म्हणत, "आले माझ्याकडे." झाला अर्थ पक्का.

अशा रीतीने 'नॉट आउट ऑफ द वुड्स' म्हणजे निम्मे पुढून, निम्मे मागून. 'फिंगर्स क्रॉस्ड' म्हणजे डॉक्टरांनाच माहीत नाही. 'वी विल सी' म्हणजे कोणी काही बघणार नाही. आणि 'फायटर' मामांनी आजवर सात ऐकले होते. सातही अण्णांकडे गेले होते.

वॉर्डात मोठे डॉक्टर मराठीत म्हणाले होते, "मामा, काही काळजी करू नका." मामांनी त्याच क्षणी काळजी करायला सुरुवात केली होती. डॉक्टर धीर मराठीत देतात आणि खरं इंग्रजीत बोलतात, हे त्यांनी कधीच ओळखलं होतं.

दुपारी अण्णांनी आपणहून चहाचा कप पुढे केला.

"हे काय?" मामांनी कपाकडे पाहिलं.

"चहा."

"ते दिसतंय. का?"

"जास्तीचा आला होता."

"तुझ्याकडे आजपर्यंत कधी काही जास्तीचं आलंय का रे? माझी छत्री घेऊन गेलास, ती अजून यायचीय."

"पी ना गुपचूप!"

"तुला कोणी काही सांगितलंय, अण्णा."

"मला कोण सांगतंय? मी मागचा माणूस," असं म्हणून अण्णा कपबशी विसळायला गेले. चहा अजून कपातच होता.

संध्याकाळी संशय आणखी वाढला. पाचच्या ठोक्याला नातेवाइकांना पिटाळून लावणाऱ्या सिस्टरने मामांना साडेपाचपर्यंत बसू दिलं. वर खुर्चीही आणून दिली. या सिस्टरकडून खुर्ची मिळणं म्हणजे वाघाने पाठ खाजवून देणं.

"काय म्हणतात डॉक्टर?" मामींनी विचारलं.

"बरं आहे म्हणतात."

"तुमचं काय बिघडलंय पण?"

"माझं? कुठे काय?"

"सकाळपासून तीनदा विचारलंत, 'उशी नीट आहे का?' बत्तीस वर्षांत मला उशी आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं. अहो, खरं काय ते सांगा ना."

"काही काळजी करू नकोस," मामा म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली.

मामींनी पांघरूण नीट केलं. मग शेजारच्या पलंगाकडे बघत म्हणाल्या, "अकरा नंबरलाही हेच म्हणाले होते."

अकरा नंबरवर धुतलेली चादर अंथरली होती. एक सुरकुती नव्हती तिच्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा लिफ्ट तळमजल्यावर तशीच सोडून जिन्याने चौथ्या मजल्यावर गेले आणि मोठ्या डॉक्टरांच्या खोलीचं दार ढकलून आत शिरले. रात्रभर त्यांनी एक वाक्य जुळवलं होतं. आयुष्यात मोठ्याने बोललेलं हे त्यांचं पहिलंच इंग्रजी.

"सर, प्लीज टेल मी इन मराठी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मामा, काही काळजी..."

"ते झालं साहेब. त्याच्या पुढचं."

डॉक्टरांनी पेन पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. चौथ्या मजल्यावरच्या या खोलीत एवढं मोठं डोकं शब्द शोधतंय, हे बघून मामांना त्यांची कीव आली.

"म्हणजे... ऑपरेशनच्या वेळी आपण ओपन केलं, तर आत सगळीकडे स्प्रेड..."

"पसरलंय," मामांनी मदत केली.

"हो. म्हणून मग काही रिमूव्ह न करता..."

"तसंच शिवलं."

"हो. आता ट्रीटमेंटचा काही..."

"उपयोग नाही."

"फारसा नाही," डॉक्टर म्हणाले. हे त्यांनी स्वतःच्या मराठीत म्हटलं आणि चष्मा काढून ठेवला. "दोन महिने. फार तर तीन. दुखू नये म्हणून औषध देतो. घरी न्या त्यांना. मी परवाच सांगायला हवं होतं."

"समजलं साहेब."

"मामा, तुम्हाला इंग्रजी येतं?"

"चौथ्या मजल्यापर्यंत," मामा म्हणाले आणि दार हळूच ओढून बाहेर पडले.

वॉर्डात ते खुर्ची ओढून मामींच्या जवळ बसले आणि सगळं सांगितलं. डॉक्टरांनी सांगितलं त्याच क्रमाने, एकही शब्द न गाळता. दोन महिने, फार तर तीन, हेही सांगितलं. मामी खिडकीकडे बघत ऐकत होत्या.

"तरीच ती बया ओरडत नाही तुमच्यावर," त्या शेवटी म्हणाल्या.

"हं."

"घरी कधी जायचं?"

"आज दुपारी कागद होतील. नाहीतर उद्या."

"उद्या कशाला? आजच करा म्हणावं. ते दूधवाल्याला बंद सांगितलंय, ते आधी चालू करा."

"करतो."

मामी कुशीवर वळून हळूहळू उठून बसल्या. मामांनी हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही. पलंगाची दांडी धरली. पाय खाली सोडले. मामांनी पलंगाखालून चपला ओढून काढल्या आणि ते फरशीवर बसले. पाय सुजले होते, पट्टा बसेना.

"राहू दे, अनवाणी येते."

"थांब गं."

त्यांनी बक्कल काढून पट्टा एक भोक सैल केला. तरी घट्ट. आणखी एक. मग शेवटच्या भोकात अडकवला, खाली बोट घालून बघितलं.

"काचतंय?"

"नाही."

मामांनी दुसरा पाय मांडीवर घेतला.