धुऱ्यावरची जाळी

आणखी एक कोकरू गेलं, तेव्हा बाभळीच्या काट्यांचं कुंपण कामाचं राहिलं नाही हे चतुराबाईला पटलं.

तिचं वावर मंगरूळपीरच्या रस्त्याला. त्यातल्या मुरमाड तुकड्यावर पीक धड येत नव्हतं, म्हणून तिनं तिथं मेंढ्या पाळल्या. नवरा गेल्यापासून सगळं तीच पाहत होती, आणि कोणावर चटकन भरवसा टाकायचा नाही हे तेव्हापासूनच अंगवळणी पडलेलं.

धुऱ्यापलीकडं, म्हणजे बांधाच्या पल्याड, बबनरावाचं सोयाबीन होतं. कोकराचं कानावर आलं तसा तो धुऱ्यावर येऊन उभा राहिला.

"वैनी, काटेरी तार आनू नका. जाळी लावा. खाली बारीक घरं असलेली, अन् तिचं बूड मातीत गाडा."

"तुमाले काहून एवढी काळजी?"

"शेजारी हाओ म्हनून सांगून राह्यलो."

याच शेजाऱ्याचा ट्रॅक्टर मागं धुरा खाऊन तिच्या वावरात शिरला होता, आणि 'ड्रायव्हर चुकला' म्हणून त्यानं हात झटकले होते. जाळी म्हणजे सिमेंटचे खांब. एकदा खांब रोवले की तीच हद्द पक्की. बबनरावाचा डाव तिच्या ध्यानात आला.

दुसऱ्या दिवशी ती जवळच्या मालेगावला पदमचंदांच्या तार-जाळीच्या दुकानात गेली.

"मेंढ्यांले जाळीच बरी, बाई," पदमचंद म्हणाले. "तारेत लोकर गुंतते. कालच बबनराव विचारून गेले, तुमच्या वावराले किती लागन म्हनून."

म्हणजे दोघं मिळालेले. तिनं तिथल्या तिथं काटेरी तार मागितली. पदमचंदांनी एकदा तिच्याकडं पाहिलं आणि तार काढून दिली.

लाकडी खुंट ठोकून तार ताणली. काही दिवस निभावलं. मग एका सकाळी ती वावरात आली, तर बबनराव वाकून एका मेंढीची मान दाबून बसलेला.

सापडला, तिला वाटलं. ती काठी घेऊन धावली.

"सोडा तिले. गावाले बोलावतो मी."

"सोडली त मरन," तो मान वर न करता म्हणाला. "तार रुतली हाय गळ्यात. पकड आना."

जवळ गेल्यावर तिला दिसलं. मेंढी तारेत अडकली होती, आणि काटे धरून धरून बबनरावाचे तळवे फाटले होते. दोघांनी मिळून तार तोडली. पलीकडच्या कोपऱ्यात एक कोकरू मरून पडलेलं. त्याला कोणीतरी फाडलं, त्या भीतीनं मेंढी तारेवर गेली असावी.

कोपऱ्यातल्या खालच्या तारेखाली माती उकरलेली होती. काट्याला केस लटकत होते. लोकर नव्हे, आखूड, भुरे केस. चतुराबाईनं ते बोटांत चोळले. तिचा कुत्रा भुऱ्या रात्री मोकळा असायचा. पिल्लू असताना तिनं त्याला वाटीनं दूध पाजलं होतं. हल्ली तो भाकरीला तोंड लावत नव्हता, आणि तिनं उन्हाला दोष दिला होता.

"तुमाले माहीत होतं," ती म्हणाली.

"एकडाव पहाटे पाह्यलं. तोंड रक्तानं माखलं होतं त्याचं."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"तुमी मानलं असतं?"

तिनं ते केस पदराच्या टोकात बांधले.

घरी भुऱ्या शेपूट हलवत आला. पाठीवर ताजा ओरखडा होता. तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग गळ्यात साखळी घातली.

आठवड्यात जाळी आली. हाताला पट्ट्या बांधून बबनराव न बोलावता खांब धरायला आला, तिनं येऊ दिलं. पण त्यानं आखणीची दोरी लावली तेव्हा ती धुऱ्यावरून हलली नाही. कोकरांच्या बाबतीत माणूस खरा निघाला होता, जमिनीचं अजून ठरायचं होतं. त्यालाही ते कळलं असावं. त्यानं दोरीचं टोक तिच्या हातात दिलं.

त्यानंतर कोकरू गेलं नाही. भुऱ्या साखळीला राहिला. संध्याकाळी चतुराबाई त्याला भाकरी कुस्करून घाली, आणि तो खाईपर्यंत दुसरीकडं पाहत बसे.